ना-हरकतीच्या कागदाबाबत, ऱ्हाईन नदीवरून

मुक्काम कोब्लेंझ, जर्मनी
ता. २० जुलै

श्री. उत्तरेश्वर भाऊजी यांना सारजावहिनीचा नमस्कार.

खरं तर तुम्ही नात्यानं धाकटे दीर, म्हणजे मी आशीर्वाद लिहायला हवा होता. पण तुम्ही सरपंचबाईंचे यजमान आहात आणि गावाचा शिक्का तुमच्या खिशात असतो, तेव्हा नमस्कारच बरा. तुमचा गुडघा कसा आहे? साखर तपासली का? (तपासायच्या आधी दोन दिवस चहा सोडून मग रक्त देऊ नका. त्यानं डॉक्टर फसतो, साखर फसत नाही.) सरपंचबाईंची, म्हणजे आपल्या नागूबाईची, दाढ काढली की अजून लवंगेवरच भागवताय? पोरीची, ज्ञानेश्वरीची, परीक्षा झाली असेल. माझ्या परड्यातल्या शेवग्याला शेंगा आल्या असतील तर तोडून खा, पण फांदी वाकवून तोडा, मोडून नको. माझी तब्येत चांगली आहे. इथं जुलै महिन्यात मी स्वेटर घालून बसते आणि समोरची पंच्याऐंशी वर्षांची म्हातारी अर्ध्या चड्डीत झाडांना पाणी घालते, त्यावरून हवेचा अंदाज तुम्हीच करा.

तुम्ही रणधीरच्या फोनवर पाठवलेला कागद पोचला. त्यानं तो छापून आणला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. मी चष्मा लावून तीनदा वाचला. (पहिल्यांदा समजून घ्यायला, दुसऱ्यांदा शुद्धलेखनासाठी, तिसऱ्यांदा रागानं.) मला कळलं ते असं : आपल्या गढीचा जो एक बुरूज उरला आहे तो पाडायचा, तिथं बारा गाळ्यांचं व्यापारी संकुल बांधायचं, बुरुजाला माझं परडं लागून आहे म्हणून माझी ना-हरकत लागते, ती आली की पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभेत ठराव, आणि सोळा तारखेला जेसीबी. खाली तुम्ही लिहिलं आहे, 'वहिनी, डोळे झाकून सही करा.' भाऊजी, मी तिशी उलटल्यावर रणधीरच्या चौथीच्या पुस्तकावरून आणि किराणा बांधून आलेल्या कागदांवरून वाचायला शिकले, ती सही करताना डोळे उघडे ठेवता यावेत म्हणूनच. तेव्हा कागदाचं उत्तर देते, पण सवडीनं. आधी इथं काय बघितलं ते लिहिते. तुम्हीच फोनवर म्हणाला होतात, 'तिकडं किल्ले लई हायेत म्हणं, बघून या, आपल्या कमानीला डिझाईन मिळंल.' तर हे डिझाईन समजून वाचा.

मागच्या रविवारी रणधीर आणि सूनबाई वैष्णवी मला ऱ्हाईन नदी दाखवायला घेऊन गेले. नदी मोठी आहे आणि वाहते. (हे मुद्दाम लिहिते. तेरणेकाठच्या माणसाला नदी वाहते ही बातमी असते.) सकाळी रेल्वेनं वरच्या अंगाला गेलो आणि तिथून नावेत बसून खाली आलो. नाव म्हणजे दोन मजली एसटी समजा, पण सगळ्यांना बसायला जागा आणि कुणी खिडकीतून रुमाल टाकून ती धरत नाही. वर उघड्यावर खुर्च्या, खाली काचेचं हॉटेल. मी घरून दहा धपाटे आणि शेंगांची चटणी बांधून घेतली होती. वैष्णवी हळूच म्हणाली, 'आत्या, नावेत बाहेरचं खाल्लेलं चालत न्हाय.' मी म्हणाले, 'हे बाहेरचं कुठंय, घरचं हाय की.' चटणीचा वास सुटला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन गोऱ्या बायांनी वळून बघितलं, आणि मी एक धपाटा पुढं केल्यावर परत वळून बसल्या. त्यातली एक मघापासून एकटीच दारू पीत होती, ओठ लालभडक, गळ्यात मोत्यांची माळ. रणधीर म्हणाला, ती विधवा आहे, तिनंच वैष्णवीला सांगितलं, नवरा गेल्यापासून दरवर्षी या नावेत येते. मी माझ्या पांढऱ्या बांगड्यांकडं बघितलं आणि आणखी एक धपाटा खाल्ला.

नावेत भोंग्यातून सहा भाषांत माहिती सांगतात, त्यात मराठी नाही. म्हणून रणधीर मला सांगत होता आणि मी लिहून घेत होते. पहिलं दिसलं ते नदीच्या मधोमध एका बेटावर उभं असलेलं एक मनोऱ्याएवढं ठाणं. त्याचं नाव उंदरांचा बुरूज. जुन्या काळी इथला एक मोठा धर्मगुरू दुष्काळात धान्याची कोठारं भरून बसला, लोकांना एक दाणा दिला नाही, आणि शेवटी उंदरांच्या झुंडी त्याच्यामागं लागल्या. तो पळत या बुरुजात आला, तर उंदीर पोहत आले आणि त्यांनी त्याला जिवंत खाल्लं. अशी कथा आहे, खरी-खोटी उंदरांना ठाऊक. पण मला इथल्या उंदरांची शिस्त आवडली. आपल्याकडंही गोदामातलं धान्य दरसाल उंदीरच खातात, तसं रजिस्टरात स्वच्छ लिहिलेलं असतं, पण त्यांनी आजवर एकाही चेअरमनला तोंड लावलेलं नाही.

त्यानंतर किल्लेच किल्ले. नदीच्या प्रत्येक वळणाला डोंगरावर एक, कधी समोरासमोर दोन. मी आधी मोजत होते, मग सोडून दिलं. एवढ्याशा नदीला एवढे किल्ले कशाला, असं विचारलं तर रणधीर म्हणाला, पूर्वी प्रत्येक किल्लेदार नदीत आडवी साखळी टाकायचा, नाव अडवायचा आणि जकात घेतल्याशिवाय पुढं सोडायचा नाही. पुढच्या वळणाला दुसरा, त्याच्या पुढं तिसरा. म्हणजे खालून मीठ निघालं की वर पोचेपर्यंत त्याचं सोनं व्हायचं. इथले लोक त्यांना आज सरळ दरोडेखोर सरदार म्हणतात. आपल्याकडं त्याला निविदा म्हणतात.

एका वळणावर नदीत घुसलेला एक उंच काळा खडक आहे. त्यावर म्हणे एक बाई बसून केस विंचरायची आणि गाणं म्हणायची, आणि तिच्याकडं बघता बघता नावाडी खडकावर आपटून मरायचे. मी ऐकलं आणि हात जोडले. म्हटलं, ही तर आसरा! पाण्याच्या काठी बसते, केस मोकळे, माणसं ओढते, आणखी काय पुरावा पाहिजे? आपल्याकडं विहिरीवर सातजणी असतात, एकमेकींना सोबत तरी असते. इथं बिचारी एकटीच. मी धपाट्याचा एक तुकडा मोडला, चटणी लावली आणि नैवेद्य म्हणून नदीत टाकला. तो पाण्याला टेकायच्या आत एक पांढरा पक्षी आला आणि घेऊन गेला. लगेच भोंगा वाजला. रणधीर कानाशी येऊन म्हणाला, 'आये, पाखरांना खायला घालायला बंदी हाय, दंड हाय.' मी म्हणाले, 'मी पाखराला कुठं घातलं? त्यानं मधीच उचललं. दंड त्याला करा म्हणावं.' (रणधीरनं याचं भाषांतर केलं नाही. जर्मनीत राहून तो फार मुका झाला आहे.) पण नंतर त्या बाईची गोष्ट माझ्या डोक्यात बसली. शेकडो वर्षं पुरुष सांगत आलेत की तिच्या केसांमुळं नावा बुडाल्या. सुकाणू कुणाच्या हातात होतं हे कुणी विचारलं नाही. नाव कुणाच्या नावावर आणि सुकाणू कुणाच्या हातात, हा विषय आपल्या ग्रामपंचायतीतही निघत नाही, म्हणून मीही इथं काढत नाही.

आता भावाभावांचे किल्ले. हे तुम्ही नीट वाचा. एकाच डोंगरावर, ओरडलं तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर, दोन किल्ले आहेत. दोन सख्खे भाऊ होते, त्यांचं बिनसलं आणि त्यांनी दोन किल्ल्यांच्या मधे एक जाडजूड भिंत घातली. किल्ले पडले, भाऊ मेले, भिंत मात्र अजून उभी आहे. नावेतले सगळे लोक उठून त्या भिंतीचे फोटो काढत होते. मी एकटीच बसून राहिले. रणधीर म्हणाला, 'आये, तू बघत न्हाईस?' मी म्हणाले, 'असल्या भिंती बघायला मला सात समुद्र ओलांडायची गरज न्हाय बाबा, घरी चुलीपुढं बसून बघितल्यात.' आपल्या गावात अशी घरटी एक भिंत आहे. जर्मन लोकांनी एका भिंतीवर एवढं पर्यटन उभं केलं, तर आपण तिकीट लावलं असतं तर आज येरमाळ्यापर्यंत रांग लागली असती. (तुमच्या आणि आमच्या घरामधल्या भिंतीचा विषय मी काढलेला नाही. तुमच्या मनात आला असेल तर तो तुमचा दोष.)

शेवटी नावेतून उतरून आम्ही एक किल्ला चढलो. त्याचं नाव मला लिहिता येत नाही. बोलायला गेलं तर थुंकी उडते. चढ आपल्या येडाईच्या डोंगरासारखा, पण वाटेत नारळवाले नाहीत. वर किल्ला अर्धा पडका, आणि गंमत अशी की तो पडकाच ठेवला आहे. पुढं पडू देत नाहीत आणि नव्यानं बांधतही नाहीत. जिथं भिंत पडली तिथं ती पडलेलीच आहे, फक्त तिच्यापुढं एक पाटी आहे. रणधीरनं मला फोनमधलं एक यंत्र दाखवलं, पाटीवर धरलं की ती मराठीत वाचता येते. मी धरलं. मराठी आलं, 'भिंत थकलेली आहे. कृपया तिला टेकू नका.' (यंत्र चुकलं असेल. पण एवढं चांगलं मराठी मी कुठल्या सरकारी पाटीवर वाचलेलं नाही.) मी भिंतीला टेकले नाही. पण तिच्या बुडाशी पांढरा भुगा पडला होता, आणि इथं माझ्याकडून ती गोष्ट झाली.

तुम्हाला ठाऊक आहे, येडाईच्या यात्रेत आपण चुनखडीचे खडे वेचायला कसे वाकतो. हाताला ती सवय. त्यात किल्ल्याची पांढरी माती समोर. माझ्या मनात काही विचार यायच्या आधी मी खाली बसले होते, दोन बोटांत माती चोळून बघितली होती (चिकटपणा कमी आहे, आपल्याइतकी चांगली नाही), आणि ओंजळभर उचलून पदराच्या शेवाला गाठ मारत होते. तेवढ्यात मागून आवाज आला. कमरेला किल्ल्याच्या किल्ल्यांचा जुडगा लावलेली एक बाई, माझ्याच वयाची, तिथली किल्लेदारीण म्हणा. ती माझ्या पदराकडं बोट दाखवून बोलायला लागली. रणधीर लाल झाला. वैष्णवी एका तोफेचं वर्णन वाचायला निघून गेली. बाई म्हणत होती की किल्ल्यातला खडासुद्धा बाहेर नेता येत नाही, नोंद आहे. मी म्हणाले, 'खडा न्हाय, माती हाय.' ती म्हणाली, मातीचीही नोंद आहे. मग तिनं विचारलं, तुम्हाला ही कशाला हवी? मी म्हणाले, 'माळवदावर घालायला.' आता माळवदाचं जर्मन रणधीरला कुठून येणार? त्यानं हातानं घर काढलं, त्यावर छप्पर काढलं, त्यावर माती टाकली, ती पायानं तुडवली. चार पर्यटक बाजूला उभे राहून बघत होते, त्यांना तो नाच वाटला असावा. बाईला शेवटी कळलं की आमच्याकडं घराची छतं मातीची असतात आणि ती माती गावच्या किल्ल्यातून आणायची रीत आहे. तिनं विचारलं, 'मग तुमच्या किल्ल्याचं आता काय शिल्लक आहे?' मी सांगितलं, एक बुरूज. 'आणि बाकीचा किल्ला?' मी म्हणाले, 'बाकीचा आमच्या डोक्यावर.' रणधीरनं ते जसंच्या तसं सांगितलं. बाईला ती काहीतरी म्हण वाटली, ती हसली. मग तिनं मला पदर झटकायला लावला, आणि झटकल्यावर खाली वाकून सांडलेली माती हातानं गोळा केली आणि भिंतीच्या बुडाशी परत लोटली. ओंजळभर माती! मला आधी तिचा राग आला, मग हसू आलं, आणि मग काहीच आलं नाही.

कारण म्हण नव्हती ती, भाऊजी. लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात सासूबाईंनी माझ्या डोक्यावर पाटी दिली आणि म्हणाल्या, 'गढीची पांढरी आण, पावसाच्या आत माळवद करायचंय.' तेव्हापासून तीस वर्षं मी माती वाहिली. एकटी नाही, गावातल्या झाडून सगळ्या बाया. पांढरी सगळ्या गावाची, तिला कोण नाही म्हणणार? पूर्वेचा बुरूज माझ्या माळवदावर आहे, वेशीजवळचा तुमच्या, आणि मधली तटबंदी मारुतीच्या पारापासून वरच्या आळीपर्यंत घरोघर वाटून गेली. निजामाच्या काळात जी गढी पडली नाही, तिला आम्ही बायकांनी डोक्यावरून नेलं, आणि एका बाईनंही तिच्याकडं मान वर करून बघितलं नाही. (डोक्यावर पाटी असताना मान वर करता येत नाही, हे एक.) मग गावात स्लॅब आले, माती न्यायची गरज उरली नाही, म्हणून पश्चिमेचा हा एक बुरूज वाचला. म्हणजे त्याला वाचवला सिमेंटनं, आणि आता पाडणारही सिमेंटच.

तेव्हा तुम्हाला उपदेश करायचा अधिकार मला नाही. तुम्ही म्हणाल, वहिनी, तुम्ही पाटीनं पाडली, मी जेसीबीनं पाडतो, तुम्हाला तीस वर्षं लागली, मी दुपारच्या जेवणाआधी संपवतो, फरक काय? मी परतीच्या वाटेवर हाच फरक शोधत होते. मला एवढाच सापडला की आम्ही नेलेल्या मातीनं घरं गळायची थांबली. तुमच्या बारा गाळ्यांनी कुणाचं काय थांबणार आहे? पहिला गाळा तुमच्या मेव्हण्याला, दुसरा ग्रामसेवकाच्या भावजीला, तिसरा पार्टी कार्यालय, हे मी इथून जर्मनीत बसून सांगते. आणि ग्रामपंचायतीचे आधीचे सहा गाळे बांधून चार वर्षं झाली, त्यांत अजून तुमच्या गणपती मंडळाचा देखावा ठेवलेला आहे. गेल्या वर्षी मी फटीतून बघितलं, आत थर्माकोलचा किल्ला होता.

त्यावरून संकल्पचित्र आठवलं. कागदासोबत तुम्ही रंगीत चित्र पाठवलं, त्यात गाळ्यांच्या पुढं एक भव्य स्वागत कमान आहे आणि कमानीच्या दोन्ही अंगांना दोन सिमेंटचे बुरूज. वर भगवा, खाली तुमचा हात जोडलेला फोटो, त्याच्या खाली नागूबाईचा, जरा लहान. मी ते चित्र रणधीरला दाखवलं. तो इंजिनियर आहे, त्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, 'आये, ह्यात खरा बुरूज कुठंय?' मी म्हणाले, 'तो पाडून मग हे दोन बांधायचेत.' तो म्हणाला, 'का?' भाऊजी, याचं उत्तर तुम्हीच द्यायचं. तुम्हाला येत असेल तर कळवा, मी त्याला सांगेन. इथं नदीकाठी तीस-चाळीस किल्ले मी बघितले असतील, त्यांत एकही असा नव्हता की जो खरा किल्ला पाडून त्याच्या जागी किल्ल्यासारखा बांधला. त्यामुळं तुम्हाला हवं तसं डिझाईन इथं मिळालं नाही. क्षमा असावी.

आणखी काय लिहू? इथं जेवण बरं आहे, ज्वारी नाही. वैष्णवी नोकरीवरून थकून येते, तरी मला विचारल्याशिवाय जेवत नाही. पोरगी गुणाची आहे, हे तिच्या आईला सांगा, मी सांगितलं म्हणून सांगू नका. इथली माणसं वेळेवर येतात आणि वेळेवर जातात, त्यामुळं बोलणं होत नाही. पुस्तकं मी सोबत पाच आणली होती, पाचही दोनदा वाचून झाली. आता रणधीरच्या औषधांच्या डब्यावरचं जर्मन वाचते, अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. तुम्हा सर्वांची आठवण येते, तुमचीसुद्धा. घरातल्या लहानांना पापे, मोठ्यांना नमस्कार, आणि मधल्यांनी आपापलं काय हवं ते घ्यावं.

तुमची वहिनी,
सारजाबाई

ता. क. कागद सोबत जोडला आहे. सही केली आहे, तारीख घातली आहे, साक्षीदार म्हणून रणधीरची सही घेतली आहे, तेव्हा वहिनीनं काम अडवलं असं म्हणू नका. मजकुरात फार फेरफार केला नाही. मथळ्यातला 'ना' खोडला आहे, आणि शेवटी 'माझी काहीएक हरकत नाही' असं होतं, तिथं 'नाही' खोडून 'आहे' लिहिलं आहे. बाकी सगळं ग्रामसेवकांचं तसंच ठेवलं. 'बुरूज' मधला 'रू' मात्र दीर्घ केला. पाडायचा असला तरी नीट लिहावा.

ता. क. दुसरी. वरचं सगळं वाचून तुम्हाला वाटेल, वहिनी परदेशात जाऊन शहाणी झाली, वारसा वगैरे बोलायला लागली. तसं काही नाही. जे लिहायचं होतं ते मी अजून लिहिलंच नाही. तुम्हाला आठवत असेल, टॉवर यायच्या आधी गावात मोबाईलला रेंज फक्त या बुरुजावर यायची. तुमचे दादा दर रविवारी दिवस मावळायच्या आत वर चढायचे आणि रणधीरला फोन लावायचे. बायकांनी गढीवर चढायचं नाही (बुडाची माती खणायला चालतं, वर चढायला नाही), म्हणून मी खाली परड्यात उभी. मी खालून ओरडायचे, 'जेवला का इचारा!' ते वरून ओरडायचे, 'जेवला म्हणतोय!' आणि चावडीवर बसलेली माणसं ओरडायची, 'काय जेवला ते बी इचारा की!' अर्धा तास बोलून खाली आले की मला एवढंच सांगायचे, 'बरा हाय.' अर्धा तास आणि 'बरा हाय.' मला फार राग यायचा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तो राग अजून तसाच आहे, ठेवायला जागा नाही.

त्या दिवशी किल्ल्याच्या बुरुजावर गेल्यावर मी रणधीरला विचारलं, 'बाबा तुझ्याशी एवढा वेळ काय बोलायचे रे?' तो म्हणाला, 'बोलायचे न्हाईत गं फारसं. वरून काय दिसतंय ते सांगायचे. येरमाळ्याची गाडी आली, अमका उतरला. खालच्या रानात पाणी सोडलंय. आन् शेवटी म्हणायचे, खाली तुझी आई उभी हाय, पदर डोक्यावर घेऊन वर बघतीय. मग काहीच बोलायचे न्हाईत. मीच आपला हॅलो हॅलो करायचो.'

भाऊजी, मी दोन सप्टेंबरला येते. मला एकदा वर चढायचं आहे. मी तिथून कशी दिसत होते ते मला बघायचं आहे. नागूबाईला मी परड्यात माझ्या जागी उभी करीन, म्हणजे अंदाज येईल. तोवर बुरुजाला हात लावू देऊ नका. पायऱ्यांत वेड्या बाभळी माजल्या आहेत, तेवढ्या तोडून घ्या, फक्त बाभळी. त्यानंतरही माझी हरकत राहीलच, पण तेव्हाची शहाणपणाची असेल. आत्ताची माझ्या स्वतःपुरती आहे.

ता. क. तिसरी. तुम्ही हे पत्र घरात मोठ्यानं वाचून दाखवाल आणि मधली काही पानं तुमच्या चष्म्याला दिसणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुमच्याकडं पाठवायच्या आधी याचे फोटो मी ज्ञानेश्वरीच्या फोनवर नागूबाईसाठी पाठवले. तिला वाचता येतं, मीच शिकवलं आहे, दुपारी भांडी घासून झाल्यावर, तुम्ही झोपलेले असायचात तेव्हा. आणि शिक्का कुणाच्याही खिशात असला तरी ठरावावर सही सरपंचाचीच लागते. आजच तिचं उत्तर आलं. तिच्याच अक्षरात आहे, एकच ओळ : 'आक्का, मी सही करत न्हाय, पन खाली हुबी राहनार न्हाय, मला बी वर यायचंय.'

तेव्हा भाऊजी, दोन सप्टेंबरला संध्याकाळी खाली परड्यात तुम्हीच येऊन उभे राहा.